सासूबाई विसरतायत, की त्यांना ऐकूच येत नाहीये?

पत्र:
"नमस्कार. आम्ही मिरजेला राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. गेल्या दोनेक वर्षांत त्यांना काही सांगितलं की लक्षातच राहत नाही. सकाळी सांगायचं आज लाइट बिल भरायचंय, दुपारी विचारलं की 'मला कुणी सांगितलंच नाही'. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारचे बोलायला लागलेत. आधी भिशीला जायच्या, ते बंद केलं, म्हणतात कंटाळा येतो. मिस्टर म्हणतात वय झालं आता. दीर न्यू जर्सीला असतात, त्यांचं म्हणणं हे अल्झायमरच, एमआरआय करा, तिकडं नवीन इंजेक्शन निघालंय. नणंदबाईंनी मेमरीच्या गोळ्या पाठवल्यात, बाटलीवर गिंको लिहिलंय. आणि आमच्या ग्रुपवर मेसेज आलाय की कानाचं मशीन लावलं की डिमेन्शिया होत नाही, मोठ्या मेडिकल मासिकात छापून आलंय म्हणे. पण मशीनचं नाव काढलं की सासूबाई चिडतात, 'मी काय ठार बहिरी आहे का?' यातलं खरं काय धरायचं? आणि मशीनला सरकारी मदत मिळते का?"

ताई, आधी कान. एमआरआय, इंजेक्शन, गोळ्या सगळं नंतर. तुमचं पत्र मी परत परत वाचलं आणि दर वेळी त्या एका वाक्यावरच अडले, 'मला कुणी सांगितलंच नाही'. घरातल्यांना वाटतं या विसरल्या, पण त्यांच्या बाजूने बघा ना, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नसेल तर त्या अगदी खरं बोलतायत. जे कानातून मेंदूत गेलंच नाही ते लक्षात कुठून राहणार. आणि बाकीच्या गोष्टी, टीव्हीचा आवाज, भिशी सोडणं, या सगळ्या कानाकडेच बोट दाखवतात. भिशीत दहा बायका एकदम बोलणार, मागे पंखा, बश्यांचा आवाज, त्यात ज्याला नीट ऐकू येत नाही तो माणूस नुसता हसून मान डोलावत बसतो आणि घरी दमून येतो, मग एक दिवस 'कंटाळा येतो' म्हणून जायचं बंद करतो. मी डॉक्टर नाहीये, निदान करत नाहीये, पण क्रम सांगतेय.

'ठार बहिरी आहे का' हे पण त्यांचं बरोबरच आहे बरं का. वयाने जे ऐकू येणं कमी होतं त्यात आवाज येत असतो, शब्द कळत नाहीत. आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांसारखी टोकं असलेल्या बारीक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. आणि मरायला सुरुवात होते ती बारीक, उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशींपासून. आता बोलण्यात उंच पट्टीत काय असतं तर स, श, च, फ असली व्यंजनं. आ, ओ, ऊ हे सगळे स्वर खालच्या पट्टीत, ते मस्त ऐकू येतात. म्हणजे तुम्ही 'साठ' म्हणालात की त्यांना 'आठ' ऐकू येतं, 'चहा' म्हणालात की 'दहा'. मग त्या 'दहा काय?' विचारतात आणि घरात कुणीतरी डोळे फिरवतं. पुरुषाच्या जाड आवाजातलं जास्त कळतं आणि नातवंडांचं, सुनेचं कमी कळतं, हे पण यामुळेच, आणि मग 'मुलाचं बरोबर ऐकू येतं, माझंच येत नाही' असं सुनांना वाटतं. तुमच्याकडे हे झालंय का माहीत नाही, पण बऱ्याच घरांत यावरून भांडणं झालीत!

अजून एक गंमत, हळू बोललं की 'काय?' आणि जरा मोठ्याने बोललं की 'ओरडतेस कशाला माझ्यावर'. हा तिरसटपणा नाही हो. कानातल्या काही पेशींचं काम हळू आवाज वाढवायचं असतं, त्या गेल्या की हळू आवाज पोचतच नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो, मधली जागाच आक्रसते. म्हणून ओरडून काही उपयोग नाही, ओरडल्यावर स्वरच मोठे होतात, व्यंजनं तिथंच राहतात.

घरच्या घरी एक करून बघा. मिक्सर, टीव्ही, नळ बंद करा, त्यांच्या समोर बसा, तोंडावर उजेड असू दे, आणि नेहमीच्या आवाजात सावकाश एखादं काम सांगा, मग सहज 'काय म्हणाले मी?' असं विचारून त्यांच्याकडून वदवून घ्या. परीक्षा घेतल्यासारखं नको, बोलता बोलता. दुसऱ्या दिवशी तसलंच काम चिठ्ठीवर लिहून द्या, त्यांनी वाचलं की चिठ्ठी परत घ्या. दोन-तीन तासांनी विचारा. असं समोर बसून किंवा लिहून दिलेलं लक्षात राहतंय आणि स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं तेवढं जातंय, तर कानाचा संशय बळावतो. पण स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवलं आणि दोन तासांनी तो विषय झाल्याचंच आठवत नाही असं सारखं होत असेल, तर न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे, जायला वेळ लावू नका. तसंच ओळखीच्या गल्लीत चुकणं, पैशांचा हिशोब एकदम बिघडणं, जन्मभर केलेल्या पुरणपोळीची पायरी सुटणं, पाच मिनिटांत तोच प्रश्न तीनदा, स्वभावच बदलणं, हे कानाने होत नाही. आणि दोन्ही एकत्र पण असू शकतं, हे धरून चाला.

आता तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजचं. डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणं, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार. कान आणि डिमेन्शियाचा संबंध हवेतला नाहीये. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांनी २०११ मध्ये बाल्टिमोरच्या ६३९ लोकांचा अभ्यास छापला, बरीच वर्षं पाठपुरावा केलेला. त्यात थोडं कमी ऐकू येणाऱ्यांना डिमेन्शिया व्हायचं प्रमाण नीट ऐकू येणाऱ्यांच्या साधारण दुप्पट, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि जास्त असेल तर पाचपट निघालं. मग २०१४ मध्ये त्यांनीच १२६ जणांचे वर्षानुवर्षं काढलेले एमआरआय तपासले, तर कमी ऐकू येणाऱ्यांचा मेंदू जास्त वेगाने आक्रसत होता, विशेषतः उजव्या कानशिलाकडचा भाग, जिथं आवाज आणि बोलण्याचं काम चालतं. लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची हाताळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, ती सगळी सांभाळली तर जगातल्या साधारण ४५ टक्के केसेस टाळता किंवा पुढे ढकलता येतील असा त्यांचा अंदाज आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा दोघांचा, कमी ऐकू येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल, प्रत्येकी ७ टक्के.

असं का होतं याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. एक म्हणणं असं की अर्धवट शब्द जुळवून अर्थ लावण्यातच मेंदूची सगळी ताकद जाते, लक्षात ठेवायला उरत नाही. दुसरं म्हणणं, कानाकडून माल येणंच कमी झालं की मेंदूचा तो भाग वापराविना सुस्तावतो. तिसरं तुमच्या घरात डोळ्यासमोर आहे, भिशी सुटली, गप्पा सुटल्या, माणूस एकटा पडला. आणि चौथी शक्यता अशी की कान आणि मेंदू दोन्ही एकाच कारणाने, म्हणजे बीपी, शुगर, रक्तवाहिन्यांमुळे बिघडत असतील आणि कान बिचारा फक्त आधी बोंबलतो. मला स्वतःला तिसऱ्याचं वजन जास्त वाटतं, पण ते माझं मत.

पण 'मशीन लावलं की डिमेन्शिया होत नाही' हे वाक्य मात्र फसवं आहे. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या डेटावरचा एक अभ्यास लॅन्सेटच्याच सार्वजनिक आरोग्याच्या मासिकात आला, मशीन वापरणाऱ्यांना धोका नाही आणि न वापरणाऱ्यांना जास्त, अशा बातम्या जगभर झाल्या. तुमचा मेसेज त्यातलाच असेल तर सांगते, तो पेपर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मागे घेतला गेला! कॉम्प्युटरवर माहिती भरताना मशीन वापरणारे आणि न वापरणारे यांची अदलाबदल झाली होती, म्हणजे निकालच उलटा. बातमी फिरत राहते, मागे घेतल्याची बातमी कुणी फॉरवर्ड करत नाही.

खरा भरवशाचा अभ्यास म्हणजे 'अचीव्ह' नावाची ट्रायल, लिन यांच्याच टीमची, जुलै २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, अमेरिकेत चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला मशीन आणि ऑडिओलॉजिस्टकडून (ऐकणं तपासून मशीन बसवून देणारा तज्ज्ञ) नीट शिकवणी, दुसऱ्याला नुसतं आरोग्याचं मार्गदर्शन. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून निकाल काय, तर दोन गटांच्या स्मरणशक्तीत आणि विचारशक्तीत फरक नाही. इथंच थांबलो तर मशीन फुकट म्हणावं लागेल. पण यातले २३८ लोक हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेले होते, वयाने जरा जास्त, बीपी-शुगरवाले, धोका जास्त असलेले, त्यांच्यात मशीनवाल्यांची घसरण ४८ टक्के कमी होती. बाकीचे स्वतःहून आलेले धडधाकट, त्यांची तीन वर्षांत घसरणच इतकी थोडी झाली की फरक दिसायला जागाच नव्हती. आता हे गटातल्या गटाचे आकडे आहेत, म्हणून त्यावर उडी मारायची नसते, पण दुर्लक्ष करण्यासारखे पण नाहीत. दुसरीकडे डेन्मार्कमध्ये २०२४ साली पावणेसहा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कमी ऐकू येणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका फक्त ७ टक्क्यांनी जास्त निघाला, म्हणजे त्या दुप्पट-तिप्पटच्या मानाने खूपच कमी.

मग मी काय धरते? डिमेन्शिया टळेल या आशेवर मशीन घेऊ नका, टळला तर बोनस. मशीन घ्यायचं ते त्यांना तुमचं बोलणं कळावं म्हणून, परत भिशीला जाता यावं म्हणून, आणि घरातला 'काय? काय?' संपावा म्हणून. तेवढ्यासाठीच ते घेण्यासारखं आहे, त्याला अभ्यासाची वाट बघायची गरज नाही.

दीरांनी एमआरआयचं सुचवलंय ते तुमच्या काळजीपोटीच, पण त्यांना एक समजावून सांगा. विसरण्याची तपासणी जी होते ना, त्यात डॉक्टर पाच शब्द मोठ्याने वाचून दाखवतात आणि थोड्या वेळाने परत म्हणायला सांगतात. ज्याला शब्दच अर्धवट ऐकू आले तो मार्क घालवणारच, आणि कागदावर मात्र येणार की स्मरणशक्ती कमी. म्हणून कान न तपासता ही टेस्ट करायला जाऊ नका, आणि करायचीच वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगा की यांना ऐकायला कमी येतं, शांत खोलीत, मराठीत आणि मशीन किंवा निदान आवाज वाढवणारं काही लावून घ्या. एमआरआयमध्ये गाठ, जुना स्ट्रोक, डोक्यात साचलेलं रक्त (म्हातारपणी साधं पडून पण साचतं, कुणाच्या लक्षात पण येत नाही) असं दिसतं, तो उपयोग मोठा आहे, पण तो कधी काढायचा ते न्यूरोलॉजिस्टला ठरवू दे.

इंजेक्शनचं म्हणाल तर ते लेकॅनेमॅब असावं, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. ते फक्त अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या लोकांना, आणि मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचलंय हे तपासणीत सिद्ध झालं तरच. १,७९५ लोकांच्या ट्रायलमध्ये १८ महिन्यांनी औषधवाल्यांची घसरण कमी झाली खरी, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक अर्ध्या गुणाचा पण नाही, ०.४५. वर निदान सुरुवातीला तरी दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून घ्यायचं, आणि साधारण आठातल्या एकाच्या मेंदूत सूज दिसली, म्हणून मधूनमधून एमआरआय. संशोधनाच्या दृष्टीने मोठी पायरी आहे, मी नावं ठेवत नाही, पण ज्या बाईंचे कान पण अजून कुणी तपासले नाहीत त्यांच्याबद्दल हे बोलणं म्हणजे लग्न ठरायच्या आधी बारशाची तयारी.

गिंकोच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या परत करा. त्यावर अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांवर मोठी ट्रायल झालीये, सरासरी सहा वर्षं दिवसातून दोनदा, २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शियात काही फरक नाही. आणि सासूबाईंना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पण देऊ नका. नणंदबाईंना वाईट वाटू नये म्हणून 'डॉक्टरांनी सध्या थांबवायला सांगितलंय' म्हणा, एवढं खोटं चालतं.

तर क्रम असा. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे जा, मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात हा विभाग आहेच. आधी ते कानात मळ आहे का बघतील, कधी कधी तेवढ्यानेच अर्धं काम होतं. मग ऑडिओमेट्री, हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. जो आलेख निघतो त्यात रेघ उजवीकडे जाताना खाली खाली उतरत असेल तर ते वयाचं, मी वर सांगितलं ते साठ-आठवालं. त्याच फेरीत फॅमिली डॉक्टरांकडून बी१२, थायरॉइड, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल करून घ्या. शाकाहारी घरात बी१२ बऱ्याचदा कमी निघतं आणि त्याने विसरायला होऊ शकतं, थायरॉइडने पण. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, झोपेच्या, सर्दीच्या, चक्करच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना गुंगल्यासारखं होतं. उदास असतात का, झोप कशी आहे, हे पण बोला. फक्त एक लक्षात असू दे, एका कानाने अचानक एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर ती इमर्जन्सी असते, त्याच दिवशी जा, आणि माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला तर तडक हॉस्पिटल.

आता सासूबाईंना तयार कसं करायचं. 'मशीन' हा शब्द काही दिवस घरात काढूच नका. 'कान साफ करून घेऊ, डॉक्टर मळ काढतील' म्हणून न्या, यात खोटं काही नाही. आणि शक्यतो मुलाने, म्हणजे तुमच्या मिस्टरांनी न्यायचं, सुनेने नाही, तुम्ही सांगितलंत तर त्यांना ते 'ही मला बहिरी ठरवतेय' असं वाटणार, मुलाला सांगा वय झालं म्हणून हात झटकू नकोस, अर्धा दिवस रजा टाक. आलेख हातात आला की डॉक्टरच मशीनचं बोलतील, ते त्यांच्या तोंडून जास्त पटतं.

मशीन घेताना दुकानदाराच्या 'अमुक चॅनेल, तमुक ब्लूटूथ'वर जाऊ नका. काही हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत मिळतात, ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतं ते नुसतं आवाज वाढवतं, त्यात कुकरची शिट्टी पण वाढते आणि सासूबाई ते दुसऱ्या दिवशी कपाटात टाकतील. ऑडिओमेट्रीप्रमाणे सेट करून देणारा ऑडिओलॉजिस्ट हवा, काही दिवस वापरून बघायला देतो का विचारा, आणि नंतर तीन-चारदा सेटिंगला बोलावतो का ते विचारा, अचीव्ह ट्रायलमध्ये पण नुसतं मशीन हातात दिलं नव्हतं, दोन-तीन महिने बोलावून शिकवलं होतं. पहिले काही आठवडे त्यांना भांड्यांचा, पिशवीच्या कागदाचा, स्वतःच्या चावण्याचा पण आवाज टोचेल, कारण इतकी वर्षं ते आवाज मेंदूला मिळतच नव्हते. सुरुवातीला घरात शांत वेळी तास-दोन तास, मग वाढवत न्यायचं, भिशी सगळ्यात शेवटी. सेलवाली घेतलीत तर सेलवरचा छोटा स्टिकर काढल्यावर मिनिटभर तसाच ठेवून मग बसवा, ते हवेवर चालणारे सेल असतात. पावसाळ्यात रात्री डबीत सिलिका जेलची पुडी ठेवून त्यात मशीन ठेवा, नाहीतर ओलीने बिघडतं. केसांना तेल लावायच्या दिवशी आधी तेल, मग हात पुसून मशीन.

सरकारी मदतीचं, राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ६५ पूर्ण झालेल्यांसाठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये आधार जोडलेल्या खात्यात येतात. त्यात चांगलं मशीन येत नाही, हे उघड आहे, पण हातभार लागतो. सांगलीच्या समाजकल्याण सहाय्यक आयुक्तांच्या ऑफिसात चौकशी करा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरात मशीनच फुकट मिळतं, शिबिर कधी आहे ते पण तिथंच कळेल. आणि मशीन घेतल्यावर दुकानातून सासूबाईंच्या नावाचं पक्कं बिल मागून घ्या, पैसे आल्यावर ते दाखवावं लागतं.